तट बांधावा, आणि राजाकडे लाकूडही मागावे

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवी सभेत धर्मगुरूंनी केलेले भाषण)



परमेश्वराच्या कृपेने आपल्या धर्मग्रामास आज ५० वर्षे पूर्ण होत आहेत. प्रारंभीच्या दिवसांत मिस्सा कोणाच्या ओटीवर होत असे, पहिली घंटा कोणत्या कुटुंबाने दिली, चर्चच्या पायाचे दगड कोणाच्या बैलगाड्यांनी वाहिले, हे सर्व आपल्या वडीलधाऱ्या मंडळींनी आताच रसाळपणे सांगितले. आम्ही त्यात भर घालू इच्छीत नाही. आम्हांस आज निराळ्या विषयावर चार शब्द बोलावयाचे आहेत, आणि ते कित्येकांस या मंगल प्रसंगी किंचित रुक्ष वाटतील याची आम्हांस जाणीव आहे.

तथापि महोत्सव म्हणजे काय, याचा विचार केला असता आमचे बोलणे अप्रासंगिक ठरणार नाही. जुन्या करारातील लेवीय पुस्तकात ५० वे वर्ष पवित्र मानावे अशी आज्ञा आहे. त्या वर्षी गहाण पडलेली जमीन मूळ कुळाकडे परत जात असे आणि दास झालेला मनुष्य मोकळा होऊन आपल्या घरी येत असे. म्हणजे महोत्सव हा मुळात केवळ वाजंत्री व रोषणाईचा दिवस नव्हता. कोणाचे काय कोणाकडे राहिले आहे, याचा हिशेब चुकता करण्याचा तो दिवस होता. आज आम्ही एकाच गोष्टीचा हिशेब मांडणार आहोत, आणि ती म्हणजे गरिबाच्या मुलाची शाळा.

सरकारचे अंदाजपत्रक हा विषय आपणांपैकी पुष्कळांस दूरचा वाटतो. परंतु अंदाजपत्रकातील एक ओळ खोडली गेली म्हणजे कोठे तरी एका वर्गाचे दार बंद होते, हे गेल्या काही वर्षांत आपण डोळ्यांनी पाहिले आहे. अनुदानित शाळांस खडू, वीज, दुरुस्ती व तत्सम खर्चासाठी मिळणारे वेतनेतर अनुदान २००४ च्या सुमारास बंद झाले, आणि २०१३ मध्ये ते पुन्हा सुरू झाले तेही मर्यादित प्रमाणात. ११ डिसेंबर २०२० च्या शासननिर्णयाने अनुदानित शाळांतील शिपायांची पदे यापुढे नियमित न भरता त्यांऐवजी ठोक भत्ता द्यावा असे ठरले. आपल्यापैकी ज्यांचे केस पिकले आहेत त्यांस शाळेचा शिपाई म्हणजे काय, हे सांगावयास नको. घंटा देणारा, पाण्याची टाकी धुणारा, पडलेल्या मुलास उचलून घरी पोहोचविणारा तोच होता. त्याची जागा आता कागदावरील एका रकमेने घेतली आहे.

पुढे पटसंख्येचा प्रश्न आला. १० हून कमी मुले असलेल्या १,३१४ शाळा बंद करून ती मुले जवळच्या शाळांत पाठवावी, असे २०१७ च्या अखेरीस ठरविण्यात आले. २०२२ मध्ये २० हून कमी पट असलेल्या शाळांची माहिती मागविली गेली, तेव्हा अशा शाळा १४ हजारांहून अधिक भरल्या. २०२३ च्या सप्टेंबरात अशा लहान शाळा एकत्र करून पुणे जिल्ह्यातील पानशेत व नंदुरबार जिल्ह्यातील तोरणमाळ येथील धर्तीवर समूहशाळा कराव्या, असे प्रस्ताव मागविले गेले. १५ मार्च २०२४ च्या शासननिर्णयाने संचमान्यतेचे, म्हणजे कोणत्या शाळेस किती शिक्षक द्यावयाचे याचे, नवे निकष घातले. त्यांनुसार सहावी ते आठवीच्या वर्गांत २० मुले भरली नाहीत तर त्या वर्गांचे शिक्षकपदच धोक्यात येते. या निर्णयास शिक्षकांनी व पालकांनी राज्यभर विरोध केला, हे आपण जाणताच.

आम्ही सरकारची बाजू मुळीच ऐकून घेत नाही असे नाही. एकच शिक्षक पाच इयत्तांस शिकवितो, मुलास खेळावयास सोबती नाही, प्रयोगशाळा नाही, अशी शाळा आदर्श आहे असे कोण म्हणेल? तिजोरीस मर्यादा असतात, हेही खरे. परंतु २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याखाली या राज्यात जे नियम झाले, त्यांत पहिली ते पाचवीची शाळा मुलाच्या घरापासून १ किलोमीटरच्या आत व आठवीपर्यंतची ३ किलोमीटरच्या आत असावी, असे धोरण मान्य केलेले आहे. हे अंतर कोणी उगीच ठरविले नाही. सहा वर्षांच्या मुलाचे पाय किती चालतात, हे मोजून ते ठरले आहे. अंदाजपत्रक बदलले म्हणून मुलाचे पाय लांब होत नाहीत.

शाळा दूर गेली तर वाहन देऊ, असे सांगण्यात येते. आपण वसईकरांनी वाहनाची गोष्टही अनुभविली आहे. २०१६-१७ च्या सुमारास एस.टी. महामंडळाने आपल्या भागातील स्थानिक फेऱ्या तोट्याच्या म्हणून बंद करण्याचे ठरविले होते. तेव्हा आपल्याच भागातील एका विद्यार्थिनीने मुंबई उच्च न्यायालयाचे दार ठोठावले आणि न्यायालयाने त्या बंदीस स्थगिती दिली. मोठी माणसे चहाच्या दुकानात हळहळत बसली असता एका मुलीने अर्ज केला, ही गोष्ट आपणांस भूषणावह आहे आणि थोडी लाजिरवाणीही आहे.

आता आम्ही आपल्या घरातील गोष्ट सांगतो. ती सांगताना आम्हांस संकोच होतो, परंतु हिशेबाच्या दिवशी स्वतःचे पान झाकून ठेवणे बरे नव्हे.

आपल्या धर्मग्रामाच्या पूर्व टोकास, महामार्गाच्या पलीकडे, एक पाडा आहे. तेथील जिल्हा परिषदेच्या शाळेचा पट २० च्या खाली गेला आहे. मुले बहुतेक वारली व कातकरी कुटुंबांतील. आईबाप वीटभट्टीवर किंवा वाडीत रोजंदारीने काम करणारे. दोन वर्षांपूर्वी ही शाळा दुसरीत विलीन होणार अशी बोलवा उठली. त्याच सुमारास आपल्या धर्मग्रामाच्या मराठी शाळेचाही पट उतरत चालला होता आणि एक शिक्षकपद जाण्याच्या बेतात होते. तेव्हा आमच्या मनात एक विचार आला, व तो आम्ही मंडळापुढे मोठ्या उत्साहाने मांडला. पाड्यावरील मुले आपल्याच शाळेत आणावी. गणवेश देऊ, दुपारचे जेवण तर आहेच. मुलांस चांगली शाळा मिळेल आणि आपले शिक्षकपदही वाचेल. ही कल्पना आम्हांस त्या वेळी निव्वळ सत्कार्य वाटत होती.

आम्ही पाड्यावर गेलो. तेथे एका मातेने आमचे सर्व बोलणे शांतपणे ऐकून घेतले आणि म्हटले, "फादर, तुमची शाळा बरी हाय, मी नाय बोलत नाय. पन ह्यो रस्ता माझा पोर रोज दोनदा कसा ओलांडल? आन तुम्ही आमची पोरं नेली तं आमची शाळा तुम्हीच बंद केली ना?"

बंधुभगिनींनो, सेमिनरीत आम्ही नीतिशास्त्राचा अभ्यास अनेक वर्षे केला. परंतु आमच्या सत्कार्यात आमचा स्वार्थ किती मिसळला होता, हे आम्हांस त्या एका वाक्याने शिकविले. पाड्यावरील शाळा बंद पडावी अशी आमची इच्छा नव्हती. परंतु ती बंद पडली तर आपला पट भरेल, हा हिशेब आमच्या मनाच्या कोपऱ्यात होता. दुसऱ्याच्या दिव्यातील तेल काढून आपला दिवा तेवत ठेवणे, यास दानधर्म म्हणता येत नाही.

आणखी एक कबुली आपण सर्वांनी मिळून द्यावयास हवी. आपल्या मराठी शाळेचा पट का उतरला? सरकारी निर्णयांमुळे तो उतरला नाही. आपण आपली मुले एकामागून एक इंग्रजी माध्यमाच्या शाळांत घातली, त्यामुळे तो उतरला. आईबापांनी मुलाचे हित पाहावे, यात पाप नाही. त्यास आम्ही दोष देत नाही. परंतु ज्या शाळेतून आपण शिकून वर आलो, त्या शाळेकडे आपले लक्ष मूल काढून घेतल्याबरोबर संपले, हे मात्र योग्य झाले नाही. ज्यांचा आवाज कचेरीत ऐकला जातो त्यांनी शाळा सोडली, म्हणजे मागे ज्यांचा आवाज कोणी ऐकत नाही तेच उरतात. आणि मग त्या शाळेवर कात्री चालविणे सोपे जाते.

अशा वेळी काय करावे? दोन प्रकारचा सल्ला ऐकू येतो. कोणी म्हणतात, सरकार करीत नाही तर आपणच वर्गणी काढून सर्व करू. अर्जविनंत्या करून काय होणार? कोणी म्हणतात, हे सरकारचे काम आहे, त्याने करावे. आपण निषेध करून मोकळे व्हावे. आमच्या मते हे दोन्ही सल्ले अर्धे आहेत, आणि पवित्र शास्त्रात नहेम्याच्या वृत्तांतात पूर्ण मार्ग दाखविलेला आहे.

नहेम्या हा इराणच्या राजाचा प्यालेबरदार होता. यरुशलेमचा तट पडला आहे व वेशी जळाल्या आहेत, असे कळताच तो रडला व त्याने उपवास केला. परंतु तेथेच थांबला नाही. त्याने राजाकडे रजा मागितली, वाटेतील अधिकाऱ्यांस पत्रे मागितली, आणि राजाच्या रानातून वेशींसाठी लाकूडही मागून घेतले. पुढे नगरीत पोहोचल्यावर त्याने रात्री स्वतः फिरून तट कोठे कोठे पडला आहे हे पाहिले आणि मग लोकांस कामास लावले. प्रत्येकाने आपापल्या घरासमोरचा भाग बांधला. सोनारांनी बांधला, अत्तरे करणाऱ्यांनी बांधला, एका अधिकाऱ्याने आपल्या मुलींसह बांधला. तकोवा गावच्या सरदारांनी मात्र कामास खांदा दिला नाही, हेही शास्त्राने नमूद करून ठेवले आहे. तेव्हा कामचुकारांची नोंद ठेवण्याची पद्धत आमच्या मंडळानेच प्रथम काढली असे कोणी समजू नये. अशा रीतीने ५२ दिवसांत तट पूर्ण झाला.

लक्षात घ्या, नहेम्याने लाकूड मागितले म्हणून लोकांचे हात थांबले नाहीत. आणि लोकांचे हात चालू होते म्हणून त्याने लाकूड मागण्याचे सोडले नाही. मागणे आणि बांधणे ही दोन्ही कामे एकाच मनुष्याने एकाच श्रद्धेने केली.

मागणे म्हणजे भीक मागणे, अशी समजूत आपल्यातील स्वाभिमानी माणसांत आहे. ती आम्ही दूर करू इच्छितो. आपल्या घरपट्टीचे बिल काढून पाहा. त्यात शिक्षणकराची रक्कम लिहिलेली आढळेल. हा कर या राज्यात १९६२ च्या कायद्याने बसविलेला आहे. ज्यांस आयकर भरावा लागतो ते २०१८-१९ पासून आरोग्य व शिक्षण उपकर म्हणून करावर ४ टक्के अधिक भरीत आले आहेत. पाड्यावरील माता घरपट्टी कदाचित भरीत नसेल. परंतु काडेपेटीपासून साबणापर्यंत जे जे ती विकत घेते त्यावर तीही कर भरते. राष्ट्रीय उत्पन्नाचा ६ टक्के भाग शिक्षणावर खर्च व्हावा, अशी शिफारस १९६४ ते १९६६ या काळात काम केलेल्या कोठारी आयोगाने केली, व २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात तेच उद्दिष्ट पुन्हा लिहिले गेले. म्हणजे आपण कृपा मागत नाही. दिलेला शब्द पाळा, एवढेच म्हणतो.

पोप अकरावे पायस यांनी १९३१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या परिपत्रात एक तत्त्व सांगितले आहे. लहान समाजास जे करता येते ते मोठ्या संस्थेने हिरावून घेऊ नये. कित्येक जण या तत्त्वाचा अर्थ असा करतात की, गावाने आपले आपण पाहावे व सरकारने हात झाडावे. हा अर्थ चुकीचा आहे. लहानास जे एकट्याने झेपत नाही तेथे मोठ्याने साहाय्य करावे, हा त्याच तत्त्वाचा दुसरा भाग आहे. वर्ग झाडणे, मुलास हाताशी धरून आणणे, अभ्यास घेणे हे गाव करू शकते. शिक्षकाचा पगार व इमारत ही राज्याची जबाबदारी आहे, आणि आपल्या दानशूरपणामुळे ती नाहीशी होत नाही.

याचे एक उदाहरण आपल्याच महाराष्ट्रात आहे. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापिली. वसतिगृहातील मुलांसाठी घरोघर रोज मूठभर धान्य बाजूला काढून ठेवावे, असा मुष्टिफंड त्यांनी चालविला. मुलांच्या जेवणासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी अंगावरील दागिने मोडले, शेवटी मंगळसूत्रही दिले. १९४८ मध्ये सरकारने या संस्थेचे अनुदान बंद केले, तेव्हा लोकांनी मदत करून शाळा चालू ठेवल्या. आणि त्याच वेळी सरकारच्या या कृतीविरुद्ध जाहीरपणे आवाजही उठविला. पुढे अनुदान पुन्हा सुरू झाले. मूठभर धान्य आणि जाहीर मागणी, ही दोन्ही बरोबर चालली.

आपल्या वसईतही अशी परंपरा आहे. १९१८ मध्ये मॉन्सेनियर मोनिस यांच्या पुढाकाराने आपल्या लोकांनी सहकारी बँक काढली, तेव्हा सावकाराच्या नावे बोटे मोडीत बसण्याचे दिवस संपले. पुढे आपल्या विहिरींचे पाणी व हिरवी वाडी वाचविण्यासाठी फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखाली हरित वसईची चळवळ उभी राहिली. २०२४ मध्ये फादर परमेश्वराघरी गेले. परंतु धर्मगुरूने केवळ वेदीपाशी उभे न राहता लोकांबरोबर रस्त्यावरही उभे राहावे, हा धडा त्यांनी आम्हां सर्वांस घालून दिला आहे.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. आपल्या मंडळाने व पाड्यावरील पालकांनी मिळून जे आरंभिले आहे ते येणेप्रमाणे.

प्रथम, गणती. नहेम्याप्रमाणे आधी तट पाहिला पाहिजे. आपल्या तरुणांनी पाड्यावर व आसपास घरोघर जाऊन सहा ते चौदा वर्षांची मुले मोजली. कोण शाळेत जाते, कोण भट्टीवर जाते, कोणाचे नाव पटावरच नाही, हे लिहून काढले. ज्यांची नावे पटावर नव्हती ती मुले शाळेत घालण्याचे काम चालू आहे. रागाने लिहिलेल्या दहा पत्रांपेक्षा एक खरी यादी कचेरीत अधिक काम करते.

दुसरे, शाळा व्यवस्थापन समिती. कायद्याप्रमाणे तिच्यात किमान ७५ टक्के सभासद पालक असावे लागतात व निम्म्या सभासद स्त्रिया असाव्या लागतात. पाड्यावरील त्या माता आता समितीत आहेत. त्यांस लिहिता येत नाही. परंतु काय लिहावयाचे हे त्यांस चांगले कळते, आणि लिहून देण्यास आपल्या शाळेतील एक शिक्षिका जातात.

तिसरे, लेखी विचारणा. बोलवांवर विसंबू नये. विलीनीकरणाचा आदेश आहे काय, असल्यास कोणत्या तारखेचा, नव्या शाळेचे अंतर कोणी मोजले, रस्ता कोठे ओलांडावयाचा, हे माहितीच्या अधिकाराखाली विचारले आहे. २००५ च्या त्या कायद्याने सामान्यतः ३० दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे. भाषा नम्र ठेवावी, प्रत जपून ठेवावी, आणि अधिकाऱ्यास शत्रू समजू नये. त्याचीही मुले कोठे तरी शाळेत जातात.

चौथे, आपला वाटा. या ठिकाणी आम्हांस महोत्सव समितीचे जाहीर आभार मानावयाचे आहेत. रोषणाई व मंडपासाठी ठेवलेल्या रकमेपैकी निम्मी रक्कम त्यांनी स्वखुशीने बाजूला काढली आहे. तीतून पाड्यावरील शाळेचे गळके छप्पर पावसाळ्यापूर्वी नीट होईल, आणि आपल्या शाळेत शिपायाचे काम करणाऱ्या मनुष्यास भत्त्याखेरीज महिन्यास काही अधिक देता येईल. आज चर्चवर दिवे कमी दिसतात, अशी कुजबुज आमच्या कानी आली. होय, ते कमी आहेत. त्यांपैकी काही आम्ही महामार्गापलीकडे लावले आहेत.

एक इशारा मात्र देऊन ठेवतो. नहेम्याच्या काळी तट चढत असतानाच गरिबांचा आक्रोश झाला की, धान्यासाठी व राजाच्या करासाठी आमची शेते गहाण पडली, आणि सावकार आमचेच भाऊबंद आहेत. तेव्हा त्याने आपल्याच श्रीमंतांस सभेत उभे करून घेतलेले व्याज परत करावयास लावले, आणि स्वतः अधिकारी असूनही त्याने अधिकाऱ्याचा भत्ता घेतला नाही. आपणही जपले पाहिजे. शाळा वाचविण्याच्या नावाखाली वर्गणीचा बोजा ज्याच्या घरी चूल जेमतेम पेटते त्याच्यावर पडू नये. ज्यांची मुले या शाळांत शिकत नाहीत, परंतु जे स्वतः अशा शाळांत शिकले, त्यांनी प्रथम द्यावे. आम्ही आपल्या मानधनातून आरंभ केला आहे; ते सांगावयाचे नव्हते, परंतु दुसऱ्यास सांगण्यापूर्वी स्वतः केले काय, असे विचारण्याचा आपला अधिकार आहे.

आणखी एक गोष्ट. कोणी आम्हांस विचारले, "फादर, ती मुले तर आपल्या धर्मग्रामातील नाहीत, मग एवढी यातायात कशासाठी?" या प्रश्नाचे उत्तर प्रभु येशूने यरीहोच्या वाटेवरील जखमी मनुष्याच्या दाखल्यात केव्हाच देऊन ठेवले आहे. जखमी मनुष्याचा धर्म कोणता, हे त्या शोमरोनी मनुष्याने विचारले नाही. आमचा हेतू कोणाचा धर्म बदलण्याचा नाही. मुलास वाचता यावे, स्वतःच्या जमिनीच्या उताऱ्यावर काय लिहिले आहे ते त्यास कळावे आणि अंगठ्याऐवजी सही करता यावी, एवढाच आमचा हेतू आहे.

पाड्यावरील शाळा वाचली असे आम्ही आज सांगू शकत नाही. या वर्षी ती भरते आहे, एवढे खरे. पुढील वर्षी काय होईल हे परमेश्वर जाणतो. आपल्या शाळेचे शिक्षकपदही कदाचित जाईल. पाड्यावरील मुले आणून ते वाचविण्याचा मार्ग आपण जाणूनबुजून सोडला आहे. त्या शिक्षकांपुढे उभे राहून हे बोलणे आम्हांस जड जाते. ते या सभेत बसले आहेत. निर्णय घेण्यापूर्वी आम्ही त्यांस विचारले, तेव्हा ते म्हणाले, "फादर, त्या पोरांना रस्ता ओलांडायला लावून मला नोकरी टिकवायची नाही." असा शिक्षक ज्या धर्मग्रामास लाभला, त्याचा महोत्सव दिव्यांवाचूनही शोभून दिसला असता.

लूकच्या शुभवर्तमानात एक विधवा न्यायाधीशाच्या दारी पुन्हा पुन्हा जाते. तिच्याजवळ पैसा नाही, वशिला नाही. केवळ न थकणे आहे, आणि शेवटी तिला न्याय मिळतो. अर्ज फेटाळला गेला तर दुसरा करू. छप्पर गळले तर पुन्हा चढू. मुलांची यादी दर जून महिन्यात नव्याने करू. कंटाळा हाच आपला खरा शत्रू होय, आणि त्यावर एकमेकांच्या सोबतीनेच मात करता येते.

ज्या परमेश्वराने ५० वर्षे हा धर्मग्राम राखला, तो आपल्या हातांस बळ देवो आणि मागताना आपल्या जिव्हेस सत्य व सौजन्य देवो. पवित्र मारियेने बाळ येशूस ज्या मायेने अक्षरे व प्रार्थना शिकविल्या असतील, ती माया प्रत्येक मुलाच्या वाट्यास येवो.

आपण सर्वांस सुवर्णमहोत्सवाचे आशीर्वाद. परमेश्वर आपले कल्याण करो.